बकुळीवरच्या पादुका

“मग ती खाते काय?” बुवांनी विचारलं.

“लाकूड,” प्रद्योत म्हणाला.

“कोणतं लाकूड?”

“म्हणजे... बकुळीचं.”

“बकुळीचं कोणतं?”

प्रद्योत गप्प झाला. गप्प होण्याची त्याला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते बघून थोडं बरं वाटलं.

मी ओसरीवर बसून शेंगा मोडत होतो. मठाचं भांडार माझ्याकडे असतं. त्यामुळे इथलं सगळं ज्ञान मी भाजी निवडता निवडता ऐकलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं मला कळलेलं नाही. हेही पुरतं कळलेलं नाही. पण घडलं तसं सांगतो.

आमचा मठ राधानगरीच्या वर, खिंडीच्या तोंडाशी. मठ लहान, अंगणातली बकुळ मोठी. मठाचे मूळपुरुष, ज्यांना आम्ही मोठे महाराज म्हणतो, त्यांनी तिच्याखाली बसून देह ठेवला. तेव्हापासून त्यांच्या पुण्यतिथीला अख्खं खोरं त्या झाडाखाली भजनाला बसतं. बाया, पोरं, म्हातारीकोतारी, ज्याला त्याला खोडाला टेकूनच बसायचं असतं.

बुवा आत्ताचे गादीवरचे. भगवी घेण्याआधी ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, त्यातही बुरश्या. सगळं सोडलं, भिंग तेवढं सोडलं नाही. ते अजून त्यांच्या जपमाळेच्या पिशवीत असतं.

प्रद्योत हेरेकर त्यांचा शिष्य. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., पहिल्या वर्गात. हे त्याने मला आल्या दिवशीच सांगितलं होतं, मी विचारलं नव्हतं. मुलगा मनाने चांगला, कामाला वाघ, पण आपल्याला ठाऊक नाही असं काही जगात असेल हे त्याला पटायचं नाही.

त्या वर्षी पाऊस सरला आणि बकुळीच्या बुंध्याशी काहीतरी उगवलं. तपकिरी, चकचकीत, पावलाएवढं. शेजारी लगेच दुसरं. गावातल्या गोजरा मावशी रोज सकाळी झाडाला पाणी घालायला येतात, त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि तिथेच लोटांगण घातलं. मोठ्या महाराजांच्या पादुका उमटल्या!

मग हळदकुंकू आलं, फुलं आली. पुढे त्या पादुकांखाली कोकोसारखी मऊ तपकिरी धूळ साचायला लागली. कितीही झाडली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. लोकांनी ती अंगारा म्हणून कपाळाला लावली, पुड्या बांधून घरी नेली.

पुण्यतिथी तोंडावर आली होती. बुवांनी प्रद्योतला बोलावलं आणि म्हणाले, “झाडाचं तू बघ. ठेवायचं की तोडायचं, तू म्हणशील तसं.”

एवढंच. 

त्या सकाळी प्रद्योत उत्तर घेऊनच आला होता.

“बुवा, गॅनोडर्मा आहे, लाकूड कुजवणारी बुरशी. पाठ लाखेसारखी, कड पांढरी, खालच्या बाजूला बारीक छिद्रं. नखाने ओरखडा काढला की पांढऱ्यावर तपकिरी रेघ उठते. ती धूळ म्हणजे तिचे बीजाणू. शंकाच नको.”

“शाबास. नाव बरोबर आहे.”

“मग झाड तोडायचं ना?”

“नाव कळलं. आता ओळख करून घे.”

आणि मग तो प्रश्न आला, ती खाते काय. तिथे आमचा पहिला वर्ग अडकला.

* * *

तो तावातावाने उठला आणि गेला. थोड्या वेळाने परत आला तेव्हा एका हातात कोयता होता, दुसऱ्या हातात थाळी. थाळीत दोन्ही पादुका, कुंकवासकट. मागून गोजरा मावशी, पदर कमरेला खोचलेला.

“आवो बुवा, बघा की ह्या पोराला! म्हाराजांच्या पादुका कोयत्यानं उडवल्या ओ त्यानं!”

“मावशी, ती बुरशी आहे.”

“आसंल की. म्हाराजांनी बुरशीचं रूप घेतलं आसंल. तुला इचारून घ्याचं व्हतं व्हय?”

प्रद्योतने त्यांच्याकडे पाठ केली. “काढली, बुवा.”

“काय काढलंस?”

“बुरशी.”

बुवांनी थाळीतला एक तुकडा उचलला, भिंगातून पाहिला, वास घेतला. मग दोन्ही तुकडे त्यांनी मावशींच्या ओटीत घातले. मावशींनी डोळे मिटून ते कपाळाला लावले. प्रद्योतचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“आंबे उतरवले की आंब्याचं झाड मरतं का रे?”

“नाही.”

“हे फळ आहे. झाड कुठे आहे?”

“आत,” प्रद्योत हळू आवाजात म्हणाला. “लाकडात. तंतू असतात, केसाहून बारीक. सगळीकडे पसरलेले.”

“मग तू काढलंस काय?”

तो कोयत्याकडे बघत राहिला. कोयत्याच्या पात्याला ती तपकिरी धूळ लागली होती. बुवांनी बोटाने ती पुसून घेतली आणि कपाळाला लावली.

“बुवा! बीजाणू आहेत ते!”

“किती असतील एवढ्यात?”

“लाखो. कदाचित कोट्यवधी.”

“उगवतील किती?”

“एखादा. किंवा... एकही नाही.”

“म्हणजे नुसता अंगाराच की.”

मावशी खूश झाल्या. मी पण हसलो. प्रद्योत हसला नाही. त्याला वाटलं बुवा त्याची चेष्टा करतायत. मला आजही सांगता येणार नाही की करत होते की नव्हते.

“मग एवढ्यातला एकच आत शिरला,” बुवा म्हणाले. “तो कसा शिरला?”

“हवेतून आला असणार.”

“हवा मोठ्या महाराजांच्या वेळीही होती.”

“हो, पण...”

“मी भगवी घेतली तेव्हाही होती. तू आलास तेव्हाही होती. मग आत्ताच कसा शिरला?”

 मी शेंगा मोडायचा थांबलो. प्रद्योतची नजर बुवांच्या खांद्यावरून अंगणात गेली आणि तिथेच राहिली. मीही तिकडे पाहिलं. बकुळीभोवतीचा पार.

तो पार प्रद्योतने बांधून घेतला होता, आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात. लोकांना नीट बसता यावं म्हणून. स्वतः उभं राहून चर खणून घेतला, मध्ये आलेली मुळं कुऱ्हाडीने साफ केली, सिमेंट ओतलं, वर गुळगुळीत फरशी बसवली. देणगी द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो पार दाखवायचा. आम्ही सगळ्यांनी तेव्हा त्याची पाठ थोपटली होती, मीसुद्धा.

“मुळं,” तो म्हणाला. “मी तोडली... त्या घावातूनच शिरला तो.”

त्याने कोयता खाली ठेवला.

“म्हणजे मीच मारलं झाड. बुरशी नाही, मी.” त्याचे कान लाल झाले होते. “मी गुन्हेगार आहे, बुवा.”

“मी गुन्हेगार विचारला नव्हता,” बुवा म्हणाले. “मी वाट विचारली होती. दिगंबर, मोगरी आण.”

दिगंबर म्हणजे मी. मी भांडारातून धान्य कुटायची लाकडी मोगरी आणून दिली.

* * *

बकुळीपाशी आम्ही चौघं गेलो. बुवांनी प्रद्योतला खोडावर मोगरी मारायला सांगितलं. वरच्या अंगाला टणक आवाज आला. खाली खाली येत गेला तसा आवाज बदलला. बुंध्याशी तर रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा वाटला. मागच्या बाजूला, पाराच्या फरशीला लागून, एक लहान ढोली होती. आम्ही रोज तिथून जात होतो आणि कुणाला ती दिसली नव्हती.

“हात घाल.”

प्रद्योतने कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत ओलसर, पांढरट, रेशारेशांचं काहीतरी होतं. पिळलं तर पाणी निघालं.

“हे लाकूड हाय?” मावशींनी विचारलं.

“होतं,” तो म्हणाला. मग त्याचा आवाज सावरला, पुस्तकातलं आठवलं असावं. “लाकडाला रंग आणि ताठपणा ज्यामुळे येतो ते लिग्निन तिने खाल्लं. पांढरे धागे मागे राहिले. दुसऱ्या काही बुरश्या उलटं करतात. धागे खातात आणि तपकिरी चौकोनी ढेकळं मागे ठेवतात. ही पांढऱ्या कुजीची.”

“आता थोडी ओळख झाली,” बुवा म्हणाले.

“आतून पोकळ आहे, बुवा. झाड मेलंय.”

“वर बघ.”

त्याने वर पाहिलं. मीही पाहिलं. फांदीफांदीला दाट हिरवी पानं, कुठे एक पिवळं नाही. एक खार शेंड्यापर्यंत चढून गेली.

“...जिवंत आहे,” तो म्हणाला.

“मधला गाभा जिवंत होता? ती यायच्या आधी?”

 प्रद्योत सावकाश म्हणाला, “नाही. जुन्या झाडाचा गाभा मेलेलाच असतो. पाणी चढतं ते बाहेरच्या थरातून. जिवंत म्हणाल तर सालीखालचे एवढेच पदर.”

“मग तिने काय खाल्लं?”

“मेलेलं.” आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. “मेलेलंच खाल्लं! म्हणजे झाडाला काहीच झालं नाही. पोकळ झाडं शंभर शंभर वर्षं उभी असतात. हा रोगच नाही, बुवा. मावशी, ऐकलंत का? झाड ठेवायचं!”

मावशींनी हात जोडले. मलाही हायसं वाटलं. चला, सुटलो, शेंगा शिजायला टाकू.

“आणि मुळं?” बुवांनी विचारलं.

प्रद्योतचे हात खाली आले.

“मुळंही खाते,” तो म्हणाला. “मेलेली खाते. जिवंतही खाते. वर पानं हिरवीगार असतात आणि खाली धरून ठेवायला काही उरत नाही... मग एखाद्या दिवशी वारा नसतानाही...”

 मावशी नकळत दोन पावलं मागे सरल्या.

“म्हणजे नक्की काय, बुवा?” तो जवळजवळ ओरडला. “मेलेलं साफ करते की जिवंत मारते? चांगली की वाईट? ती करते तरी काय?”

“खाते.”

“हे उत्तर झालं?”

“तिचं एवढंच आहे. बाकीचे शब्द तुझे.”

मला बुवांचा राग आला. स्पष्टच सांगतो, चांगलाच राग आला. पोरगं रडकुंडीला आलं होतं. एका शब्दात सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? तीस वर्षं ह्याच बुरश्या शिकवल्या ना ह्यांनी! ठेव म्हणा, नाहीतर तोड म्हणा.

प्रद्योतच्याही मनात तेच असावं. तो बुवांच्या समोर जाऊन उभा राहिला.

“मला एकच सांगा. भजन चाललेलं असताना हे कोसळलं तर? माणसं मरतील, बुवा. पोरं असतात खाली. आणि भीतीपोटी तोडलं, आणि हे अजून पन्नास वर्षं उभं राहणारं असलं तर? मोठ्या महाराजांचं झाड मी दोनदा मारल्यासारखं होईल. कुणाला तोंड दाखवू मी? तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगा. ठेवू की तोडू?”

बुवांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, एवढं मला नक्की आठवतं.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“तुम्हालाही...”

“मुळं मातीत आहेत. कुणाला दिसतात?”

मग ते थोडं थांबले.

“ओसरीवर माझं आसन आहे. भजनाला घालतोस तसं घालून ये. माझे गुडघे दुखायला लागलेत.”

* * *

बुवांचं आसन म्हणजे एक जाडजूड काळी घोंगडी, चौघडी घातलेली. ती पुण्यतिथीला कुठे घालायची ह्यावर कधी कुणाला विचार करावा लागलेला नाही. बकुळीच्या खोडाला टेकून, पूर्वेकडे तोंड. मोठे महाराज बसायचे तीच जागा. दरवर्षी प्रद्योतच घालतो, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

त्याने ती आणली. पारावर चढला. खोडापाशी वाकला, घोंगडीची एक घडी उलगडली.

आणि थांबला.

वाकलेला तसाच राहिला. मग त्याने वर पाहिलं, फांद्यांकडे. मग बुवांकडे पाहिलं. बुवा एका हाताने गुडघा चोळत उभे होते.

त्याने घडी परत घातली. पारावरून उतरला. चार पावलं गेला, पुन्हा वाकला, पुन्हा वर पाहिलं. पुन्हा उठला.

“काय झालं रं?” मावशी म्हणाल्या. 

तो चालत राहिला. सावलीच्या कडेशी आला, तिथे घुटमळला. मागे वळून शेंड्याकडे बघायचा, मग पायाखाली बघायचा, मग आणखी पुढे. घोंगडी त्याने छातीशी धरली होती. तुळशीपाशी थांबला नाही, विहिरीपाशी थांबला नाही. विहिरीपलीकडे आमचं भाताचं खळं आहे, उघडं, शेणाने सारवलेलं. तिथे जाऊन त्याने पुन्हा एकदा मागे पाहिलं आणि घोंगडी अंथरली. रणरणत्या उन्हात.

हात लावून त्याने ती नीट केली. मग तिथेच ओणवा बसून राहिला, चांगला वेळ. मला वाटलं रडतोय. रडत असेलही.

तो परत आला तेव्हा मावशी त्याच्यावर तुटून पडल्या.

“तितं? उन्हात? बुवास्नी?”

“मावशी, झाड जेवढं उंच तेवढं ते लांब पडतं. त्याच्या पल्याड घातलं.”

“आनि आमी कुटं बसायचं?”

“तिथेच. सगळ्यांनी. मी मांडव घालतो.”

“आनि म्हाराज? ते हितंच असत्यात न्हवं, झाडापाशी? त्यास्नी एकलं सोडायचं?”

  मावशी पदराने डोळे टिपत विहिरीवर गेल्या आणि पाण्याचा तांब्या भरून घेऊन बकुळीकडे निघाल्या. प्रद्योतने त्यांना अडवलं नाही. त्याने फक्त तांब्या त्यांच्या हातातून घेतला, म्हणाला, “बुंध्याशी नको. ओल तिलाच हवी असते,” आणि पाणी लांब, पाराच्या बाहेर, फांद्यांच्या टोकाखाली मातीत ओतलं. मावशींनी तिथेच हात जोडले.

“मग तोडत न्हाईस?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“म्हंजे ठेवतोस?”

“...तेही माझ्या हातात नाही, मावशी.”

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. आम्हा दोघांनाही वाटत होतं की काहीतरी ठरलेलं आहे, पण काय ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

प्रद्योत भांडाराच्या मागे गेला आणि पहार घेऊन आला. पाराची पहिली फरशी उचकटायला त्याला बराच जोर लावावा लागला. त्यानेच ती भक्कम बसवली होती. मी म्हटलं, अरे, आता तूच खाली उभा आहेस की. तो म्हणाला, “एकटाच आहे ना. आणि मुळांना घाव न घालता हे फोडायचं तर मलाच करायला हवं. कुठली मुळं कुठून गेलीयत ते मला माहीत आहे.” आणि घाम पुसून पुन्हा पहार घातली.

बुवा तोवर सावकाश चालत खळ्यात गेले होते. घोंगडीवर बसले, पूर्वेकडे तोंड करून, डोक्यावर ऊन घेत. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी ते प्यायलं.

दुपार कलली तेव्हा प्रद्योत तिकडे आला. हाताला फोड आले होते, अंगभर सिमेंटची भुकटी. तो बुवांच्या समोर खाली मातीत बसला. सकाळचा ताठा कुठे गेला होता कुणास ठाऊक.

“मला अजून कळलेलं नाही, बुवा,” तो म्हणाला. “ती झाडाची शत्रू आहे की कोण आहे. मी झाड वाचवलं की नुसती माणसं हलवली. काहीच नीट कळलेलं नाही.”

“हं.”

“आज नाही, उद्या नाही... पण एक दिवस ते पडेलच.”

“पडेल.”

“त्या दिवशी मी काय करू? एवढं मोठं खोड अंगणात आडवं. लोक म्हणतील उचला, करवतीने कापा, होमाला वापरा, मोठ्या महाराजांचं लाकूड आहे.”

बुवांनी वळून बकुळीकडे पाहिलं. उखडलेल्या फरश्यांच्या मधोमध ती उभी होती आणि खालची काळी माती इतक्या वर्षांनी उघडी पडली होती.

“पडेल तिथे राहू दे,” बुवा म्हणाले. “अर्ध्या पंगतीतून कुणाला उठवतात का?”